माघातला जगरा

अकोल्याहून अमरावतीकडे एसटीने निघालं की मूर्तिजापूरच्या आगेमागे आताशा ढाब्यांच्या पाट्यांवर एक नवी ओळ दिसते. ‘रोडगे व वांग्याची भाजी ऑर्डरप्रमाणे मिळेल.’ ती वाचली की माझं डोकंच फिरतं. मागच्या वर्षी नवऱ्याच्या हट्टापायी एकदा तिथे थांबून खाल्लं. भट्टीतून काढलेले गुळगुळीत, एका मापाचे गोळे. राखेचा कण नाही, करपल्याचा डाग नाही. मी एक घास घेतला आणि ताट सरकवलं. नवरा म्हणाला, “चांगला तं हाय वं.” त्याला काय, वरून तूप ओतलं की त्याला सगळंच चांगलं लागतं.

यंदा माघ उतरणीला लागला तेव्हा त्याच रस्त्याने मी एकटी निघाले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत चक्कीवाल्याशी भांडून जाडं दळून आणलेलं गव्हाचं पीठ. खिडकीतून वारा गार येत होता, पण त्यातला चावरेपणा गेला होता. तुरी कापून झालेल्या, कापसाच्या पऱ्हाट्या उभ्याउभ्या वाळलेल्या, हरभरा घाट्यांनी भरलेला. चार दिवसांपूर्वी माझ्या चुलतभावाचा, संजूचा पुण्याहून फोन आला होता. “ताई, शिवरात्र झाली की मी बाबांना कायमचं इकडे आणतो. आई गेल्यापासून ते एकटेच आहेत गावात. किती दिवस असं ठेवायचं?” त्याचं काही चूक नव्हतं. काका ऐंशीला टेकलेत, हात थरथरतात, रात्री-अपरात्री पाणी द्यायला घरात कोणी नाही. पण फोन ठेवला आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की मग जगरा कोण लावणार?

जगरा म्हणजे गोवऱ्यांचा विस्तव. नुसता विस्तव म्हटलं तर काकांना राग येईल. गोवऱ्या उभ्या-आडव्या रचायच्या, मधे हवा खेळेल अशी फट ठेवायची, पेटवायच्या आणि धूर पुरता सरून लाल निखारा होईपर्यंत जवळ बसून राहायचं. मग त्यावर रोडगे ठेवायचे. कणकेची एक छोटी पुरी, तिच्यावर तेल लावून दुसरी, तिच्यावर आणखी मोठी, असे पदरावर पदर घेऊन वळलेला गोळा म्हणजे रोडगा. सगळीकडून शेकला की गरम राखेत दडपायचा. हे सगळं जो करतो तो जगरेवाला. आमच्या घरात आधी आजोबा होते आणि माझ्या आठवणीत कायम काका.

माघातला एखादा रविवार धरून आम्ही वावरात जायचो. भातकुलीच्या अलीकडे आमचं गाव, गावाबाहेर काळीभोर जमीन आणि बांधावर एक जुना निंब. सकाळी बैलगाडी निघायची. गाडीत पातेली, परात, तेलाची बरणी, तुपाचं गाडगं आणि आम्ही पोरी. हरभऱ्याच्या वावरातून पायवाट जायची. दवात भिजलेल्या पानांचा आंबूस वास परकरांना लागायचा आणि घोट्यांना खाज सुटायची. आई आणि काकू निंबाखाली दगडांची चूल मांडायच्या. काटेरी देठांची वांगी तेलात पडली की चर्र आवाज व्हायचा आणि पाठोपाठ लसूण, खोबरं, तिखट यांचा असा ठसका उठायचा, की पलीकडच्या बांधावरचा माणूससुद्धा शिंकायचा. आई म्हणायची, “शिंकला पाय, म्हंजे जमली भाजी.” मग वरून मूठभर हिरवा सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर.

पण ते बायकांचं टोक. निंबाच्या दुसऱ्या बाजूला पुरुषांचं टोक होतं आणि तिथे जगरा होता. काका बनियनवर, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, वाऱ्याकडे पाठ करून उकिडवे बसलेले असायचे. तळहाताची मागची बाजू निखाऱ्यांवरून फिरवायचे आणि एवढ्यावरून त्यांना काय कळायचं ते कळायचं. रोडगे बोटांनीच फिरवायचे. चिमटा असायचा, पण तो पाहुण्यांना दाखवायला. मधेच एखादा रोडगा ‘फट्’ करून तडकला की म्हणायचे, “बोलला भाऊ!” मला त्या माणसाचा फार हेवा वाटायचा. मी हळूहळू सरकत जायची, गोवरी देण्याच्या निमित्ताने अगदी जवळ जायची, की काकांचा आवाज यायचाच, “बाई, तिकडं सरक. तुह्यं काम नाई हे.” रागाने नाही म्हणायचे. दार लोटून घ्यावं तितक्या सहज म्हणायचे.

आणि मग तो वास. रोडगे राखेत दडपले की बराच वेळ काहीच घडायचं नाही. आधी नुसता गोवरीचा उग्र वास. मग ओल्या कणकेचा. मग कधीतरी, पुरुषांच्या गप्पा ऐन रंगात असताना, खरपूस भाजल्या गव्हाचा गोडसर वास यायचा आणि गप्पा आपोआप थांबायच्या. सगळे काकांच्या तोंडाकडे बघायचे. काका घाई करायचे नाहीत. उलट दुपट्टा सोडून पुन्हा बांधायचे. मग राख बाजूला सारायचे, रोडगे पोत्यात घालून खळखळ हलवायचे, राख झडायची. तळहातावर दाबला की रोडगा फुटायचा, आतले पदर सुटे व्हायचे आणि त्यांतून वाफ निघायची. वर तुपाची धार, बाजूला वरण, आणि भाजीच्या तर्रीत तो कुस्करून खायचा. घरचा बन्सी गहू होता तेव्हा. तो गेला. बैलं गेली, गाडी गेली, निंबाची एक फांदी वादळात गेली. बाबा, आई आणि मग काकू. एकेक माघ सोडून लोक येईनासे झाले आणि गेले दोन माघ तर जगरा लागलाच नाही.

गावात पोचले तर काका ओसरीवर खाटेवर पडलेले. मला बघून उठून बसले. चहा मीच केला. पिशवीतलं पीठ दाखवून म्हटलं, “काका, रविवारी वावरात रोडगे करू.”

“कोन खाते आता रोडगे?” ते म्हणाले. “दात हायेत कोठी?”

“वरणात कुस्करून देईन.”

“आन् जगऱ्यावर कोन बसते?” त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती. “हा बसते?”

“मी बसते.”

जणू मी त्यांचं नेसतं धोतर मागितलं, असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बाईमानूस जगऱ्यावर बसत नाई.”

“काहून?”

“काहून म्हंजे? नाई बसत म्हंजे नाई बसत.”

“चुलीजवळ जन्मभर बसलेली चालते?”

“चूल घरातली. जगरा वावरातला.”

“वावरात निंदाले बाई चालते, कापूस वेचाले बाई चालते, आन् रोडगा फिरवाले नाई चालत?”

“तोंड लय चालते तुह्यं,” म्हणून काका भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मला वाटलं, झालं, विषय संपला. थोड्या वेळाने भिंतीकडे बघतच म्हणाले, “मी गेलो का जगरा गेला, बाई. संजू म्हनते दिवाळीले आनत जाईन, उन्हाळ्यात आनत जाईन. काहाले आनते? कुलूप पाहाले? पुन्याले गेलो का तिकडंच पडून राहीन.”

हे मात्र मला आतपर्यंत लागलं. काका जगऱ्याला सोडून चालले होते हे मला ठाऊक होतं, पण जगरा नसेल तर ते परत यायचेच नाहीत, हे मला त्या क्षणी कळलं. आता तर मी मुळीच ऐकणार नव्हते. पन्नाशी ओलांडली माझी, दोन पोरांची लग्नं लावली, सासूबाईंशी तीस वर्षं निभावलं. एका गोवऱ्यांच्या ढिगाऱ्याला काय भ्यायचं? रविवारी जगरा लागेल, आणि तो मी लावीन.

शनिवारी सकाळी परसात तालीम करायला बसले. शेजारच्या गुलाबरावांच्या घरून गोवऱ्या आणल्या. गुलाबराव काकांचे जुने सोबती, कधीच रोडगे चुकवले नाहीत त्यांनी. बोरचं पाणी काढलं, पिठात तेलाचं मोहन घातलं, ओवा, मीठ घातलं, कणीक घट्ट मळली. गोवऱ्या पेटवल्या. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पदर खोचलेला सुटतोय, आणि ओसरीवरून काका खोकून खोकून दाखवतायत. पण झाले एकदाचे. एक त्यातल्या त्यात बरा रोडगा फोडला, तूप घातलं आणि ताटली काकांपुढे धरली. कपभर चहासुद्धा नको म्हणणारा माणूस, पण रोडग्याला त्यांच्याच्याने नाही म्हणवलं नाही. तुकडा तोंडात टाकला आणि लगेच ओसरीखाली थुंकले.

“माय वं! अकोल्यावून समुद्र आनला काय?”

मी चाखला. खारट ढोण.

“पानी कोनतं घेतलं?”

“बोरचं.”

“आन् मीठ?”

“मुठीनं. नेहमीसारखं.”

काकांनी कपाळावर हात मारला. आणि मला एकदम आठवलं. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. इथे जमिनीखाली पाणी आहे ते खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि कणीक मळायची तर मीठ चिमटीनेसुद्धा दबकतच घालायचं. म्हणून तर रोडग्यांच्या दिवशी वरणासाठी गोड्या पाण्याची टाकी वेगळी यायची आणि आई आम्हाला तिच्यातलं पाणी हात धुवायला घेऊ द्यायची नाही. या पाण्यावर मी वाढले. याच पाण्याने न्हाऊन माझे केस राठ झाले म्हणून लग्नाआधी किती रडले होते. आणि तेच मी सपशेल विसरले.

“सासरी जाऊन गोड्या पान्याची झाली तू,” काका म्हणाले.

एवढं जिव्हारी मला सासूबाईंचंसुद्धा काही लागलं नव्हतं. मी ताटली उचलली आणि परसात जाऊन पुन्हा कणीक मळायला घेतली. मीठ घातलंच नाही. राग होता, तो सगळा कणकेत घातला. गोवऱ्या रचत होते, तर ओसरीवरून आवाज आला, “जवळ जवळ नोको रचू. जीव घुसमटते तिचा.” मी एकीला दुसरीपासून लांब केलं. थोड्या वेळाने पुन्हा, “धूर सरल्याबिगर ठेवजो नोको. मघा काळ्या जगऱ्यावरच ठेवले तू, म्हनून आत कच्चे.” मग खाट परसाच्या दाराशी ओढल्याचा आवाज. “वाऱ्याकडं पाठ कर, वाऱ्याकडं! डोये फोडून घेतं काय?”

“शिकवा ना मग नीट,” मी म्हणाले.

“मी शिकवून नाई राहिलो. तुही चूक सांगून राहिलो.”

“बरं. सांगा चूक.”

दुपारपर्यंत ते चुका सांगत राहिले. तळहाताची मागची बाजू कशी फिरवायची हे मात्र त्यांना सांगता येईना. “चटका लागला पायजे, पन हात मागं नाई आला पायजे,” एवढंच म्हणाले. मी हात फिरवत राहिले. संध्याकाळी बोटांच्या मागचे केस जळून गेले होते आणि पदराला, केसांना, नखांत गोवरीचा वास बसला होता. साबणाने धुवावासा वाटला नाही, आणि त्या पाण्यात साबण लागलाही नसता.

रविवारी गुलाबरावांच्या मालवाहू रिक्षात आम्ही वावरात गेलो. गुलाबराव, त्यांची बायको, जिला सगळं गाव वहिनी म्हणतं, आणि दोन-तीन जुने शेजारी, बस्. वहिनींनी वांगी चिरायला घेतली. काका काठी टेकत निंबाखाली गेले आणि माझ्याकडे पाठ करून, हरभऱ्याकडे तोंड करून बसले. ठरवून बसले, माझ्या ते लगेच लक्षात आलं. मी पदर खोचला, दुपट्टा आणला होता तो डोक्याला गुंडाळला आणि वाऱ्याकडे पाठ करून उकिडवी बसले. पुरुष जरा चुळबुळले. एक जण म्हणाला, “बाई, आमी पाहू काय?” मी म्हटलं, “पाहा ना, तिकडून पाहा.”

धूर सरेपर्यंत थांबले. गोवऱ्या आतून लाल झाल्या, वर पांढरी साय धरली. हात फिरवला. चटका लागला, हात मागे आला नाही. एकेक रोडगा ठेवत गेले, बोटांनी फिरवत गेले. पाच बोटांपैकी चार भाजली. एक रोडगा तडकला आणि मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, बोलला. मग राखेत दडपले आणि बसून राहिले. खरं सांगते, त्या बसण्याइतकं अवघड दुसरं काही नाही. हाताला काम नसतं आणि मनाला दम नसतो. काय चाललं असेल आत? कच्चे? कोळसा? काकांच्या पाठीकडे बघितलं. ती पाठ काही सांगेना.

वहिनींची भाजी उकळत होती, तिचा ठसका आला. गोवरीचा वास होता, कणकेचा आला. हरभऱ्यावरून वारा आला आणि सगळं विस्कटून गेला. आणि मग तो आला, खरपूस, गोडसर. शेवटचा हा वास घेतला तेव्हा आई होती, काकू होत्या, मी परकरात होते की लग्नानंतरची होते तेही आठवेना, सगळे माघ एकमेकांत मिसळून गेले. मागे गप्पा थांबल्या होत्या.

गुलाबराव उठून काकांजवळ गेले. “भाऊ, झाले काय रोडगे? काढाले लावायचे?”

काकांचं नाक मला इकडून दिसत नव्हतं, पण तो वास त्यांना आला नसेल असं होणंच शक्य नव्हतं. एक शब्द बोलले असते तर माझी सुटका होती. त्यांनी मान वळवली नाही. म्हणाले, “मले काय इचारतं गुलाब? जगरेवालीले इचार.”

रडायला वेळ कुठे होता? सगळे माझ्याकडे बघत होते. मी डोक्याचा दुपट्टा सोडला, पुन्हा बांधला. मग राख सारली.

दोन करपले होते. एक फुगून वेडावाकडा झाला होता. बाकीचे झाले होते. पोत्यात खळखळ हलवले, पहिला तळहातावर दाबला आणि पदर सुटले. वहिनी ओरडल्या, “पाहा वं बाप्पा, सुटले पदर!” पत्रावळी मांडल्या. आमच्याकडे जगरेवाला पहिल्या पंगतीला बसत नाही. सगळे जेवून उठले की तो जगऱ्याशेजारीच खातो, उरलंसुरलं, करपलेलं. काका उभ्या जन्मात पहिल्या पंगतीला बसले नसतील. तर मी रोडगे घेऊन वळले तेव्हा काका गुलाबरावांच्या शेजारी मांडी घालून बसले होते, पत्रावळीभोवती पाणी फिरवून झालं होतं, आणि मला म्हणाले, “आन वं लवकर. भूक लागली.”

मी कुस्करून दिला. वरण घातलं, तूप घातलं. ते जेवले. वर आणखी अर्धा मागून घेतला. दात नसलेल्या तोंडाने ते किती सावकाश जेवत होते, आणि मी किती निवांत बघत होते. सगळे उठले, मग मी जगऱ्याशी करपलेला रोडगा घेऊन बसले. तूप घ्यायचं विसरले होते. काठीचा आवाज आला. काका तुपाचं भांडं घेऊन आले, हळूहळू माझ्याजवळ जमिनीवर बसले आणि माझ्या पत्रावळीत धार धरली. हात थरथरत होता, निम्मं तूप राखेत गेलं.

“संजूसंगं जातो म्हनतो,” ते म्हणाले.

“जा काका.”

“जगरेवाला होतो, तवा माघात मले कोठीच जाता नाई आलं. आता तू हायेस. मी पाव्हना.” तुपाचं भांडं खाली ठेवलं. “पुढच्या माघात मले आनाले संजूले नोको लावजो. तूच येजो पुन्याले. जगरेवालीनंच जाऊन पाव्हन्याले आनायचं असते. पयल्यापासून रिवाज हाय तसा.”

असा काही रिवाज आमच्यात नाही, कधीच नव्हता. तो काकांनी तिथल्या तिथे काढला होता. मी तोंडातला घास गिळला आणि म्हणाले, “व्हय काका. रिवाज हाय तं यावंच लागन.”